उत्तर: कोर्समेटने कॉपी केली, मुलाने सांगावं का?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हाला तपासता येईल. तुम्ही इंदूरच्या. मुलगा लष्करी अकादमीत तिसऱ्या टर्मला आहे, सुट्टीवर घरी आलाय. टर्मच्या परीक्षेत पुढच्या बाकावरच्या कोर्समेटने, म्हणजे त्याच्याच तुकडीतल्या मुलाने, चिठ्ठी काढून उत्तरं उतरवली आणि ते तुमच्या मुलाने पाहिलं. कॅम्पमध्ये मुलाचा पाय मुरगळला होता तेव्हा त्याची रायफल स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालणारा कोर्समेटही हाच. सुट्टी संपत आली आहे आणि मुलगा धड जेवत नाही. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: कॉपीसाठी खरंच काढून टाकतात का, मुलाने सांगावं की गप्प राहावं, आणि तुम्ही त्याच्या डिव्हिजनल ऑफिसरला, म्हणजे त्याच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करावा का. अकादमीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत हे उत्तम केलंत. कुणी विचारलं तरी सांगू नका.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तेवढंच माझ्या मते परिस्थितीवर अवलंबून नाही. फोन करू नका. कारण शेवटाकडे सांगतो.

माझ्याबद्दल इतकंच की पायदळात नोकरी झाली, मध्ये एका अकादमीत डिव्हिजनल ऑफिसर होतो, इंदूरजवळच्या महूच्या लष्करी संस्थांत शिकायलाही आलो आणि शिकवायलाही. निवृत्तीनंतर इंदूरलाच राहिलो. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेलो आहे.

तुम्ही विचारताय ‘सांगावं का’. मला त्यामागे वेगळी अडचण दिसते. पहिल्या दिवसापासून तुमच्या मुलाला अकादमीने शिकवलंय की कोर्समेटला सोडायचं नाही. त्याच अकादमीने हेही शिकवलंय की खोटेपणा करायचा नाही आणि खपवून घ्यायचा नाही. पोराने दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या आणि आता त्या एकमेकींच्या अंगावर आल्या आहेत. दोन्हीपैकी एक शिकवण वरवरची असती तर तो मजेत पोहे खात बसला असता.

हा गोंधळ अकादमीतच तयार होतो, हे आम्ही प्रशिक्षकांनी कबूल करायला हवं. पहिल्या टर्ममध्ये रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा, असतो तो सगळ्यांना मिळून. रात्री दिवे बंद झाल्यावर कुणीतरी टॉर्च लावली. सीनियर विचारतो, ‘कौन था?’ कुणी बोलत नाही. मग अख्खा कोर्स फ्रंट रोल मारतो, बजरीवर कोपरं सोलून घेतो, आणि तरीही कुणी नाव घेत नाही. अळीमिळी गुपचिळी. खरं सांगायचं तर आम्हाला अधिकाऱ्यांनाही ते मनातून आवडतं, कारण पुढे गोळीबारात हीच मुलं एकमेकांना सोडणार नाहीत असं वाटतं. त्यात स्क्वॉड्रनची, म्हणजे कॅडेट्सच्या गटागटांची, चुरस असते. एनडीएसारख्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) ठिकाणी क्रॉसकंट्रीपासून अभ्यासापर्यंत सगळ्याचे गुण स्क्वॉड्रनच्या खात्यात जमा होतात, आणि आपल्या स्क्वॉड्रनचा पोरगा पकडला गेला तर सगळ्यांचं नाव खराब होतं. अशा वातावरणात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने ‘आता गप्प बसायचं नाही’ ही जागा स्वतःच ओळखावी अशी आपली अपेक्षा असते.

मी माझ्या कॅडेट्सना ती जागा ओळखायची एक साधी रीत सांगायचो. गप्प बसण्याची किंमत तू आणि तुझा कोर्स मोजताय का? मग खुशाल गप्प बस, फ्रंट रोल मार. ती किंमत तिसराच कुणी मोजतोय का? मग ती यारी राहिली नाही, तू त्यात भागीदार झालास. टॉर्चच्या प्रकरणात कोपरं तुमचीच सोलली. परीक्षेतल्या चिठ्ठीची किंमत कोण मोजतं? त्याच पेपरात इमानाने लिहून नापास झालेला आणि टर्म गमावलेला एखादा कोर्समेट. शिवाय पुढे मेरिटवरून सिनिऑरिटी ठरते, कोणत्या आर्ममध्ये (पायदळ, तोफखाना वगैरे) जायचं त्यातही मेरिट लागतं. म्हणजे ज्याने काहीच केलं नाही तो एका जागेने खाली सरकतो, आणि त्याला ते कधी कळतही नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कॉलेजात सगळे करतात, इथेच एवढा गाजावाजा का. त्याचं उत्तर फायरिंग रेंजवर मिळतं. फायरिंग संपलं की कुणी तसाच निघून जात नाही. रायफली तपासल्या जातात, मग सगळे ओळीत उभे राहतात आणि एकेक जण मोठ्याने जाहीर करतो की माझ्याजवळ जिंदा राउंड (न झाडलेली गोळी) किंवा खाली खोखा (झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी) नाही. एनसीसी केलेल्या मुलांनाही हे माहीत असेल. खोखे मोजून परत भरायचे असतात. एक कमी भरला की अख्खी कंपनी गवतात हात घालून शोधत बसते, अंधार पडला तरी. शेवटी हिशेबाखाली अधिकाऱ्याची सही होते. त्या सहीवर पुढे कुणी शंका घेत नाही, कारण घेऊन चालणारच नाही. प्रत्येक सहीमागे एक तपासनीस उभा करायचा तर सैन्य चालणं अशक्य.

गस्तीचं त्याहून अवघड. दहा जणांची तुकडी रात्री डोंगरात जाते, पहाटे वायरलेसवर कळवते की अमुक बिंदूपर्यंत जाऊन आलो, काही आढळलं नाही. ती खरंच तिथपर्यंत गेली की किलोमीटरभर अलीकडे खडकाआड बसून राहिली, हे त्या रात्री फक्त तुकडीला माहीत असतं. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी त्याच ‘काही आढळलं नाही’वर विसंबून त्या वाटेने जाते. परीक्षेत चिठ्ठी काढणारा पोरगा पुढे गस्तीत खोटं बोलेलच असं मी म्हणत नाही, माणसं बदलतात. पण खोटं पचलं आणि शेजारच्याने पाहूनही काही झालं नाही, हा अनुभव मात्र तो सोबत घेऊन जातो. 2003 साली आसाममध्ये अतिरेकी मारल्याचा बनाव करून माणसांच्या अंगावर रक्त म्हणून टोमॅटो केचप लावून फोटो काढल्याचं प्रकरण निघालं आणि कोर्ट मार्शल झालं. त्या फोटोंत झोपलेली, केचप लावणारी, कॅमेरा धरणारी अशी किती माणसं गप्प होती, याचा विचार मी वर्गात कॅडेट्सना करायला सांगायचो.

आता तुमचा पहिला प्रश्न, काढून टाकतात का. कमिशन मिळेपर्यंत, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक होईपर्यंत, कॅडेटला आर्मी ॲक्ट लागू होत नाही, त्यामुळे कोर्ट मार्शल वगैरे काही नसतं. जे होतं ते अकादमीच्या नियमांनुसार आणि प्रशासकीय पद्धतीने: चौकशी, लेखी जबाब, बाजू मांडायची संधी, मग वरपर्यंत कागद. हलक्या गोष्टींना रिस्ट्रिक्शन, म्हणजे बाहेर जायला बंदी, आणि जादा ड्रिल असते. त्यावर रेलिगेशन, म्हणजे एक टर्म मागे. सर्वात वर विथड्रॉवल, म्हणजे घरी. कॉपीसाठी यातलं काय होईल हे पेपर कोणता, तयारी करून केलेली कॉपी की क्षणाचा मोह, आधी काही नोंद आहे का, आणि विचारल्यावर तो खरं बोलला की पुन्हा खोटं, यावर ठरतं. माझ्या अनुभवात शेवटचा मुद्दा सर्वात जड. कॉपी केली म्हणून टर्म गेली आणि चौकशीत खोटं बोलला म्हणून अकादमी गेली, असं घडताना मी पाहिलं आहे. कमिशननंतर हाच प्रकार आर्मी ॲक्टमध्ये बसतो. कलम 45 अधिकाऱ्याला न शोभणाऱ्या वागण्यासाठी आहे आणि कलम 57 खोट्या दस्तऐवजांसाठी, त्यात चौदा वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून आम्ही म्हणायचो, बाबा, पडायचंच असेल तर इथे पड, इथे जमीन जवळ आहे.

रेलिगेशन ऐकायला हलकं वाटतं, पण तसं नसतं. एका मुलाचं सांगतो, अकादमी कोणती ते राहू द्या. त्याच्या एका कोर्समेटने त्याला गाठून सांगितलं होतं की मी पाहिलंय, तू स्वतः जा. तो रात्री माझ्या दारात येऊन उभा राहिला, पुरता सावधानमध्ये, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्याची एक टर्म गेली. कोर्स पुढे गेला आणि हा मागच्या कोर्सबरोबर फॉल-इन होऊ लागला. ज्या पोरांना कालपर्यंत ‘ओय, इधर आ’ म्हणून बोलवायचा, त्यांच्याच टेबलावर जेवायला बसायचं. मी मुद्दाम मेसमध्ये जाऊन लांबून पाहायचो. पहिले काही आठवडे तो मान वर न करता जेवायचा, मग हळूहळू वर पाहायला लागला. त्याला पाठवणाऱ्या कोर्समेटशी मैत्री मात्र पुन्हा जुळली नाही. तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही म्हणून हेही लिहितो. तुमच्या मुलाने योग्य ते केलं तरी रायफल उचलणारा मित्र तो गमावू शकतो.

ऑनर कोडची, म्हणजे प्रामाणिकपणाच्या नियमाची, अंमलबजावणी कशी बिघडते हे समजायचं तर अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचा इतिहास पाहावा, कारण त्यांनी सगळ्या चुका करून पाहिल्या आणि त्या जगाला दिसल्याही. तिथला कोड एका वाक्याचा: कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही, आणि तसं करणाऱ्याला खपवून घेणार नाही. यातला शेवटचा तुकडा कोडच्या शब्दांत 1970 मध्ये आला, पण रीत त्याच्या कितीतरी आधीची. कोड मोडल्याचे आरोप ऐकणारी कॅडेट्सची ऑनर कमिटी 1922 मध्ये अधिकृत झाली, जनरल मॅकआर्थर तिथे सुपरिंटेंडेंट, म्हणजे प्रमुख, असताना. शिक्षा मात्र बरीच वर्षं एकच होती, घरी पाठवणं. ती सैल झाली 1976 च्या घोटाळ्यानंतर.

1951 मध्ये तिथून 90 कॅडेट काढले. त्यात फुटबॉल संघातले बरेच होते. प्रकार असा होता की तोच पेपर एका रेजिमेंटला एका दिवशी आणि दुसरीला दुसऱ्या दिवशी द्यायचे, आणि आधी देणारे नंतरच्यांना प्रश्न सांगायचे. मला विचाराल तर यात पेपर काढणाऱ्यांचाही वाटा आहे. रोज दार उघडं टाकायचं आणि वर प्रामाणिकपणाची परीक्षा घेतो म्हणायचं, हे बरोबर नाही. पुढे 1976 मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा खोलीवर नेऊन सोडवायचा पेपर दिला, त्यात दीडशेहून जास्त कॅडेट गेले. मग अंतराळवीर फ्रँक बोर्मन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने अकादमीच्या कारभारावरही ठपका ठेवला, आणि गेलेल्यांतल्या नव्वदहून अधिक जणांना नंतर परत घेतलं. 2020 मध्ये करोनाच्या काळात घरून दिलेल्या कॅल्क्युलसच्या पेपरात पुन्हा 73 जण सापडले, बहुतेक पहिल्या वर्षाचे. त्यातले थोडेच काढले गेले, बऱ्याच जणांना वर्षभर मागे टाकलं. म्हणजे शेवटी तेही आपल्या रेलिगेशनपाशी आले.

यावरून माझं मत पक्कं झालंय. शिक्षा एकाच मापाची आणि तीही फाशीच्या मापाची असली की सगळे लपवतात. कॅडेट लपवतात, प्रशिक्षकही लपवतात, कारण चांगल्या पोराचं आयुष्य एका चिठ्ठीपायी कुणाला मोडवत नाही. मग कोड भिंतीवर राहतो. उलट टोकाला, स्वतः कबूल केलं की नाममात्र शिक्षेवर सोडायचं असं ठरवलं तर ती कबुली म्हणजे दंडाची पावती होऊन बसते. एक टर्म ही मला मधली खरी शिक्षा वाटते. ती दुखते, सगळ्यांना दिसते, आणि तिच्यातून माणूस परत उभा राहू शकतो.

आणखी एक प्रकरण तुमच्या मुलाच्या भीतीशी थेट जुळतं. वेस्ट पॉइंटच्याच जेम्स पेलोसी नावाच्या कॅडेटवर 1971 मध्ये आरोप झाला की वेळ संपल्यावरही तो पेपर लिहीत होता. ऑनर कमिटीने दोषी ठरवलं, वर तांत्रिक कारणाने निकाल रद्द झाला. मग कॅडेट्सनी स्वतःच शिक्षा चालू केली. एकोणीस महिने त्याच्याशी कुणी बोललं नाही. जेवायला वेगळं टेबल, राहायला एकट्याची खोली. तो टिकला, 1973 मध्ये पास झाला, आणि त्याच वर्षी ती प्रथा बंद करण्यात आली. तुमच्या मुलाला वाटतंय की हीच वेळ सांगणाऱ्यावर येईल. काही दिवस थंडपणा येईल, नक्की येईल. पण मी जे पाहिलं त्यात मुलं समोर सांगून गेलेल्याला कालांतराने माफ करतात. पाठीमागून नाव घेणाऱ्याला करत नाहीत. चुगली आणि तक्रार यातला फरक त्यांना आपल्यापेक्षा बरा कळतो.

हे झालं सर्वसाधारण. तुमच्या मुलाने काय करावं हे काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला इथून दिसत नाहीत. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी चिठ्ठी पाहिली की हालचालीवरून अंदाज केला? टर्मचा मुख्य पेपर होता की वर्गातली छोटी चाचणी? त्याच्याबरोबर आणखी कुणी पाहिलं का? आणि सर्वात नाजूक म्हणजे, ती चिठ्ठी मागे त्याच्याकडेही आली होती का? हा शेवटचा प्रश्न त्याला एकदाच विचारा, वडील समोर नसताना, आणि उत्तर काहीही आलं तरी ओरडू नका. तसं असेल तर खालचं सगळं बाजूला ठेवा. मग त्याने आधी स्वतःबद्दल सांगायचं, मित्राचा विषय नंतर.

त्याने फक्त पाहिलं असेल तर मी हे सांगेन. कोर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर लिहायचं नाही, इतर कोर्समेटना ‘तुला काय वाटतं’ म्हणून विचारत फिरायचं नाही. तसं केलं की प्रकरण पंचायतीत जातं आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सर्वात शेवटी कळतं. अकादमीत परतल्यावर पहिल्या-दुसऱ्या संध्याकाळी मित्राला एकट्याला गाठायचं. कॅबिनमध्ये नको, तिथे कुणी ना कुणी टपकतंच. चालता चालता बोलावं. आणि साधं बोलावं: ‘मी पाहिलं. तू स्वतः जाऊन सांग. परवा रात्रीपर्यंत गेला नाहीस तर मी जाईन, आणि जायच्या आधी तुला सांगून जाईन.’ मित्र रडेल, चिडेल, रायफलची आठवण करून देईल. त्यावर वाद घालू नये. हवं तर म्हणावं, दारापर्यंत मी तुझ्याबरोबर येतो.

हे मी मनाने काढलेलं नाही. अमेरिकेच्या नौदल अकादमीत पाहणाऱ्याला थेट रिपोर्ट करण्याचंच बंधन नाही, आधी त्या माणसाशी समोरासमोर बोलण्याचा मार्गही त्यांनी ठेवला आहे. वेस्ट पॉइंटपेक्षा मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं. वीस वर्षांच्या मुलाला हेर करण्यापेक्षा मित्राला तोंडावर सांगायला शिकवणं पुढे जास्त कामाला येतं. कंपनी कमांडर झाल्यावर त्याला रोज हेच करायचं असतं.

मित्र गेला नाही तर मुलाने डिव्हिजनल ऑफिसरकडे जायचं. जे पाहिलं तेवढंच सांगायचं: कोणता पेपर, कुठे बसला होता, काय दिसलं. ‘तो नेहमीच असा आहे’ वगैरे विशेषणं लावायची नाहीत. अधिकारी हमखास विचारेल, ‘इतके दिवस काय करत होतास?’ याचं उत्तर आधीच मनाशी ठरवून ठेवावं आणि ते खरं असावं. ‘हिंमत होत नव्हती, सर’ हे उत्तर मी तरी कधी वाईट मानलं नाही. ‘आत्ताच लक्षात आलं’ म्हणाला तर तो स्वतःच अडकला. मित्राने सरळ नाकारलं आणि दुसरा पुरावा नसला तर चौकशी तिथेच थांबू शकते. म्हणून तुमचा मुलगा खोटा ठरत नाही. त्याचं काम तेवढंच होतं.

थोडं विषयांतर करतो, पण आपण इंदूरकर आहोत म्हणून. महू तासाभराच्या अंतरावर. तिथे इन्फन्ट्री स्कूल आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, तरुण लेफ्टनंटपासून कर्नलपर्यंत सगळे कोर्स करायला येतात. तिथे एक शब्द कानावर पडल्याशिवाय राहत नाही, पीसीके, म्हणजे आधीच्या कोर्सकडून आलेलं ‘ज्ञान’. मागच्या कोर्सला कोणता नकाशा दिला होता, प्रशिक्षकांचं मान्य उत्तर काय होतं, सगळ्याची फाइल पुढच्याला मिळते. ग्रेडिंगवर पुढची नेमणूक अवलंबून, त्यामुळे घेणारेही भरपूर. 1951 च्या वेस्ट पॉइंटला जे घडलं त्याचंच हे सभ्य, चहा पीत पीत चालणारं रूप. जुने प्रश्न सोडवून सराव करणं चूक नाही, आणि उतरवून देणं चूक आहे, पण मधला पट्टा फार रुंद आहे. तिथे शिकवताना मी भाषण दिलं नाही, नकाशा आणि परिस्थिती बदलत राहिलो. तेवढ्याने फाइलीची किंमत आपोआप उतरली.

याच कारणाने मी डिव्हिजनल ऑफिसर असताना ‘ऑनरवर सांग’ हे शब्द फार जपून वापरायचो. फ्लशच्या टाकीमागे मोबाइल सापडला तर ‘कुणाचा आहे, ऑनरवर बोला’ असं विचारणारे अधिकारी असतात. तो शिस्तीचा विषय आहे, त्याला शिस्तीने हाताळावं. पोराला सापळ्यात धरून शब्द मागितला की तो शब्द स्वस्त होतो. मी शब्द मागितला की जे उत्तर येईल ते तपासायचं नाही असा माझा नियम होता. तपासायचंच असेल तर शब्द मागायचा नाही. तुम्हीही घरी मुलाकडून याच आठवड्यात ‘शपथ घे की सांगशील’ असलं काही घेऊ नका. एनडीएच्या प्रार्थनेत सोप्या चुकीपेक्षा कठीण असलेलं योग्य निवडायची ताकद मागितली आहे, वेस्ट पॉइंटच्या प्रार्थनेतही तीच ओळ आहे. निवडायचं त्याने आहे, तुम्ही ढकलून द्यायचं नाही.

आता फोनचं. तुम्ही फोन केलात की ती कॅडेटने दिलेली माहिती राहत नाही, आईने केलेली तक्रार होते. अधिकाऱ्याला कारवाई करावीच लागते, मुलाला स्वतः मित्राशी बोलायची संधी उरत नाही, आणि कोर्समध्ये तो ‘मम्मीने फोन केला’ एवढ्याच नावाने ओळखला जातो. ते नाव पासिंग आउटपर्यंत चिकटतं. फोन करायचाच असा एकच प्रसंग मला दिसतो: मुलाच्या जिवाला किंवा मनाला धोका आहे असं वाटलं तर. तो जेवत नाही एवढं लिहिलंत. झोप नाही, बोलणं बंद, जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भाषा असं काही असेल तर ऑनर कोड राहू दे बाजूला. तेव्हा लगेच डॉक्टर गाठा आणि अकादमीलाही कळवा.

बॉन्डबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंत. मुलगा स्वतःहून सोडून आला तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल होऊ शकतो, तसं लिहून दिलेलं असतं. तुम्ही सही केलेला कागद काढून वाचा. पण सांगणाऱ्या मुलाला यात पैशाची भीती नाही, तेव्हा हा हिशेब या निर्णयात आणू नका.

आणि महूत कुणी ओळखीचा ब्रिगेडियर आहे, नात्यातला कुणी कर्नल आहे म्हणून त्याच्यामार्फत ‘जरा पोराकडे बघा’ असा निरोपही पाठवू नका. असे निरोप मलाही यायचे. ज्याच्यासाठी यायचे त्याच्या बाजूने निर्णय द्यायचा झाला तरी तो वशिल्याचा दिसायचा, म्हणून मग मी त्याची फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवून द्यायचो.